डायव्ह वॉचची सील्स: झाकण उघडण्यापासून दाबचाचणीपर्यंत

डायव्ह वॉचच्या, म्हणजे पाणबुड्यांसाठीच्या घड्याळाच्या, तबकडीवर छापलेलं ‘३०० मीटर’ कधी म्हातारं होत नाही. आतलं रबर होतं. घड्याळ कितीही महाग असो, त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये शेवटी उभ्या असतात त्या जेमतेम पाऊण-एक मिलिमीटर जाडीच्या चार-सहा रिंगा. त्या अधूनमधून बदलायच्या असतात हे बहुतेक हौशी लोकांना ठाऊक असतं. पण रिंग बदलणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. रिंग ज्या धातूवर टेकते तो पृष्ठभाग कसा आहे, खोबणीत एखादा धागा राहिलाय का आणि शेवटी घड्याळ दाबाखाली तपासलं का, यावर खरा निकाल ठरतो. नवी रिंग घातलेल्या पण न तपासलेल्या घड्याळापेक्षा जुनी रिंग असलेलं, काल चाचणीत पास झालेलं घड्याळ मी पोहायला घालून जाईन.

पाणी आत शिरतं तरी कुठून

डायव्ह वॉचमध्ये अडवण्याच्या जागा ठरलेल्या असतात. मागच्या झाकणाखाली एक मोठी रिंग असते, ती बहुधा गोल काटछेदाची ओ-रिंग, काही मॉडेलांत चपटी. समोरच्या काचेभोवती एक कडक गॅस्केट असतं. ते बहुतेक वेळा नायलॉन किंवा टेफ्लॉनसारख्या प्लॅस्टिकचं असतं आणि काच त्यात दाबून बसवलेली असते. चावीच्या, म्हणजे क्राउनच्या आत एक किंवा दोन रिंगा, शिवाय क्राउन ज्या नळीवर बसतो त्या नळीवर किंवा नळीच्या आत आणखी एखादी. नळी केसमध्ये जिथे घट्ट बसवली आहे तो सांधाही गळू शकतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचचं घड्याळ, असेल तर प्रत्येक बटणाला स्वतःची रिंग. हेलियम व्हॉल्व्ह (आत शिरलेला हेलियम वायू बाहेर सोडणारी झडप) असेल तर त्याची वेगळी.

रोलेक्सच्या ‘ऑयस्टर’ने १९२६ मध्ये आट्यांनी बंद होणारी केस बाजारात आणली, आणि पुढच्या वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झने इंग्लिश खाडीत पोहताना ती सोबत नेली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण आज आपण ज्याला डायव्ह वॉच म्हणतो ते घडलं १९५३ च्या आसपास, ब्लांपेंच्या ‘फिफ्टी फॅदम्स’ आणि रोलेक्सच्या ‘सबमरीनर’पासून. रोलेक्सचा दोन सील्सचा ‘ट्विनलॉक’ क्राउनही १९५३ चाच, आणि आणखी सील्स असलेला ‘ट्रिपलॉक’ १९७० चा. हे सांगण्याचं कारण इतकंच, की तुमच्या क्राउनमध्ये किती रिंगा आहेत हे मॉडेलप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतं. अंदाजाने सुटे भाग मागवू नका.

आट्यांच्या क्राउनबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. लोकांना वाटतं, आटे पाणी अडवतात. आटे पाणी अडवत नाहीत. ते क्राउन घट्ट ओढून धरतात, त्यामुळे आतली रिंग नळीच्या कडेवर दाबली जाते आणि पाणी तिथे अडतं. रिंग चपटी झाली असेल तर क्राउन कितीही आवळा, उपयोग नाही. उलट जास्त आवळल्याने रिंग आणखी लवकर चपटी होते.

दाबाचा हिशेब, आणि उथळ पाण्याचा धोका

पाण्यात दर १० मीटरला सुमारे १ बार दाब वाढतो. ३०० मीटरला तो ३० बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३० किलो. ३० मिलिमीटर व्यासाच्या काचेचं क्षेत्रफळ सात चौरस सेंटिमीटर धरलं, तर त्या एवढ्याशा चकतीवर दोनशे किलोंहून जास्त भार येतो. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण नीट घडवलेली केस हाच भार कामाला लावते. दाब काचेला आणि झाकणाला आत ढकलतो, गॅस्केट आणखी दाबलं जातं आणि सील घट्ट होतं.

म्हणूनच खोल पाण्यात टिकलेलं घड्याळ कधी कधी हात धुताना ओलं होतं. कमी दाबाला रिंगेला मदत करणारं कोणी नसतं. तिच्या स्वतःच्या लवचीकपणावर सगळं असतं. डायव्ह वॉचसाठीचं मानक आयएसओ ६४२५ हे ओळखूनच लिहिलेलं आहे. किमान १०० मीटरची क्षमता, प्रत्येक घड्याळाची स्वतंत्र चाचणी, छापलेल्या खोलीच्या १२५ टक्के दाब दोन तास, आणि त्यानंतर दाब उतरवून फक्त ०.३ बारवर आणखी एक तास. तो शेवटचा तास मुद्दाम ठेवलेला आहे.

‘पोहताना हात आपटला की दाब वाढतो, म्हणून ३० मीटरचं घड्याळ गळतं’ असं जे सांगितलं जातं, त्यात फार दम नाही. पाण्यात हात सेकंदाला पाच मीटर वेगाने गेला (आणि इतका वेग गाठायला चांगलाच पोहणारा लागेल) तरी त्याने वाढणारा दाब सव्वा मीटर खोलीएवढा होतो. खरं कारण बहुतेक वेळा कुजलेली रिंग, अर्धवट बंद क्राउन किंवा तापमानातला झटका असतं. उन्हात ४५ अंशांना तापलेलं घड्याळ २० अंशांच्या पाण्यात बुडालं की आतल्या हवेचा दाब सुमारे आठ टक्क्यांनी घसरतो. म्हणजे केस बाहेरचं पाणी आत ओढायला लागते, आणि त्याच क्षणी रबर थंड होऊन आकसत असतं.

रबर कशाने संपतं

घड्याळातल्या रिंगा बहुतेक नायट्राइल रबराच्या, काही एफकेएमच्या. म्हणजे ज्याला लोक व्हायटन या व्यापारी नावाने ओळखतात. काही ठिकाणी सिलिकॉन रबरही सापडतं. नायट्राइल स्वस्त, लवचीक आणि ग्रीसशी जुळवून घेणारं, पण उष्णता आणि ओझोन त्याला कडक करतात. एफकेएम जास्त टिकतं, रसायनांना दाद देत नाही.

रिंग फाटून गळती झाली असं क्वचितच घडतं. होतं असं, की वर्षानुवर्षं दाबात राहून तिला कायमचा चपटेपणा येतो. नवी ओ-रिंग बसवली की ती जाडीच्या साधारण पाव भागाइतकी दबते, आणि तोच दबाव परत ढकलून सील तयार करते. जुनी रिंग बाहेर काढल्यावर गोल न होता चपटीच राहिली, तर ती ढकलणं कधीच थांबली आहे असं समजा. साबणाचं पाणी, अत्तर, उन्हापासून बचावाची क्रीम, वाफेची आंघोळ, सॉना हे सगळं हा प्रवास वेगाने घडवतं. साबण तर दुहेरी त्रास देतो: पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, त्यामुळे जिथून साधं पाणी गेलं नसतं तिथूनही साबणाचं पाणी शिरतं.

मग किती दिवसांनी? नियमित पाण्यात जाणाऱ्या घड्याळाची दाबचाचणी दरवर्षी. झाकणाची रिंग दर वेळी झाकण उघडल्यावर, आणि न उघडल्यास दोन-तीन वर्षांनी. पूर्ण सर्व्हिससाठी रोलेक्स साधारण दहा वर्षं सांगतं, ओमेगा पाच ते आठ. हे आकडे यंत्रणेच्या तेलासाठी ठीक आहेत. समुद्रात जाणाऱ्या घड्याळाच्या रबरासाठी मी त्यांची वाट पाहणार नाही.

स्वतः काय करावं आणि कुठे थांबावं

झाकणाची रिंग बदलणं, क्राउनची बाहेरून स्वच्छता, नळीवर दिसणाऱ्या रिंगेला ग्रीस लावणं एवढं काम हात स्थिर असलेल्या, धीर असलेल्या माणसाला जमतं. काच काढून तिचं गॅस्केट बदलायला योग्य मापाच्या साच्यांचं प्रेस लागतं. नेम जरासा चुकला तर सफायर काचेचा कडेचा कपचा उडतो. नळी बदलायला तिच्या आतल्या खाचांत बसणारं खास हत्यार लागतं. हेलियम व्हॉल्व्ह तर उघडूच नका. तो अख्खा बदलायचा भाग आहे. खरं तर बहुतेकांना तो लागतही नाही. खोल समुद्रात दाबाच्या खोलीत दिवसेंदिवस राहणाऱ्या डायव्हरच्या घड्याळात हेलियमचे अणू शिरतात आणि दाब उतरवताना काच उडवून देऊ शकतात, म्हणून तो व्हॉल्व्ह. सेकोने १९७५ मध्ये ६०० मीटरच्या डायव्हरमध्ये हा प्रश्न दुसऱ्याच बाजूने सोडवला: एकसंध केस, मागचं झाकणच नाही, आणि हेलियम आत येऊच न देणारं इंग्रजी एल आकाराचं गॅस्केट. अशा घड्याळाची यंत्रणा पुढून निघते. ते घरी उघडायचा विचार सोडलेला बरा.

घड्याळ वॉरंटीत असेल तर झाकणाला हात लावू नका. जुनं, संग्रहातलं घड्याळ असेल तर आणखी एक पथ्य. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या तबकड्यांवर चमकणारा रंग रेडियमचा असू शकतो. तो रंग सुटून पावडर होत असेल, तर केस उघडल्यावर फुंकर मारणंसुद्धा धोक्याचं. ते काम जाणकाराकडेच द्या.

टेबल मांडताना

टेबल स्वच्छ असावं हे उघड आहे. हवा कोरडी असावी हे तितकं उघड नाही, पण तितकंच महत्त्वाचं. ज्या खोलीत झाकण बंद कराल त्या खोलीची हवा तुम्ही घड्याळात कोंडता. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत बंद केलेल्या घड्याळाची काच २६ अंशांच्या खाली गेली की आत दव धरणार, मग सील कितीही उत्तम असो. पुढे तुम्ही गळती शोधत बसाल आणि गळती नसेलच. वातानुकूलित खोलीत, आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास असताना काम करा.

सामानात झाकणाच्या खाचांना नेमकं बसणारं हत्यार, केस पकडायचा होल्डर, दहापट भिंग, प्लॅस्टिकच्या टोकाचा चिमटा, पेगवूड म्हणजे टोकदार मऊ लाकडी काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, रबरी फुंकणी, बोटांच्या टोप्या, डिजिटल कॅलिपर आणि घड्याळासाठीचं सिलिकॉन ग्रीस. ग्रीस लावायला स्पंजाच्या दोन गाद्या असलेली डबी मिळते. सेकोची अशी डबी घड्याळजींच्या टेबलावर जगभर दिसते आणि ती विकत घ्यावी, कारण तिच्यामुळे ग्रीस आपोआप बेताचं लागतं. स्वयंपाकघरातलं तेल, पेट्रोलियम जेली, आट्यांना लावायचे स्प्रे यांतलं काहीही या टेबलावर नको. आणि रिंग सिलिकॉन रबराची असेल तर तिला सिलिकॉन ग्रीसही चालत नाही; ती फुगते.

झाकण उघडणं

पट्टा काढून ठेवा. घड्याळ कोमट पाण्यात, क्राउन बंद ठेवून, मऊ ब्रशने धुऊन पूर्ण कोरडं करा. झाकणाच्या फटीत वर्षांची मळी असते आणि उघडताना ती थेट रिंगेवर आणि यंत्रणेवर पडते. ही पायरी बहुतेक लोक गाळतात. गळतीचा संशय असेल तर मात्र धुऊ नका, ओल्या कापडाने पुसून घ्या.

मग झाकण कसलं आहे ते पाहा. कडेला बारीक उभ्या खाचा असतील (रोलेक्सची ओळख) तर त्याच मापाचा साचा लागतो. सहा किंवा अधिक चौकोनी खाचा असतील तर तीन किंवा दोन दात्यांचा पाना. ओमेगाचं ‘नायाड लॉक’ झाकण वेगळ्या पद्धतीने बसतं, कारण त्यावरची अक्षरं नेहमी सरळ राहावीत अशी त्याची रचना आहे. त्याला त्याचंच हत्यार हवं. आधी चिकट रबरी बॉल झाकणावर दाबून डावीकडे फिरवून बघा. आश्चर्य वाटेल इतकी झाकणं त्यानेच सुटतात, आणि बॉलने ओरखडा पडत नाही.

बॉलने नाही सुटलं तर केस होल्डरमध्ये घट्ट बसवा, हत्यार खाचांमध्ये पूर्ण खाली टेकवा, आणि फिरवण्याआधी खाली दाबा. पाना निसटतो तो जोर कमी पडल्याने क्वचितच. दाते अर्धवट बसलेले असतात म्हणून निसटतो. महागड्या घड्याळाच्या झाकणावर एक लांब ओरखडा पडला की तो पॉलिशने जातो, पण त्याबरोबर अक्षरांच्या कडाही जातात, आणि त्या परत येत नाहीत. झाकणाच्या चमकत्या भागावर पातळ चिकटपट्टी लावून घ्या. पहिला झटका बसून झाकण सुटलं की हत्यार बाजूला ठेवा आणि बाकीचं बोटांनी फिरवा.

पाहणी: इथे घाई नको

जुनी रिंग पेगवूडने उचला, सुईने किंवा पोलादी चिमट्याने नाही. खोबणीत ओरखडा पडला तर पाण्याला तयार रस्ता मिळतो. रिंग भिंगाखाली फिरवून पाहा: चपटी झाली आहे का, बोटांत दाबल्यावर बारीक चिरा दिसतात का, कुठे चिकट किंवा काळी पावडर सोडणारी आहे का. एका बाजूलाच जास्त दबलेली असेल तर झाकण तिरकं बसत होतं किंवा खोबणीत काही अडकलं होतं.

आता धातू. खोबण आणि तिच्यासमोरची झाकणाची कड, दोन्हीवर प्रकाश तिरका पाडून भिंगातून फिरा. स्टीलवर जिथे ओलावा आणि मळ रिंगेखाली साचून राहिला, तिथे खड्डे पडतात. सुईच्या टोकाएवढे आणि सपाट पट्टीच्या बाहेर असलेले चालतात. रिंग जिथे टेकते त्या पट्टीतून आरपार जाणारा खड्डा असेल, तर कुठलीही नवी रिंग तो भरून काढत नाही. जाड रिंग घालून किंवा जास्त ग्रीस लावून तो लपवण्याचा मोह होतो. दोन्हीने घड्याळ आठवडाभर पास होईल आणि मग गळेल. तिथे लेसर वेल्डिंगने धातू भरून पृष्ठभाग पुन्हा घडवावा लागतो, ते ब्रँडच्या किंवा चांगल्या स्वतंत्र कार्यशाळेचं काम.

खोबण साफ करायला पेगवूडचं टोक अल्कोहोलमध्ये बुडवा आणि कडेने फिरवा. टोक मळलं की तासून नवं करा. यंत्रणा अजून आत आहे हे विसरू नका: अल्कोहोल टपकता कामा नये, आणि सुटलेली मळी केस उलटी धरून फुंकणीने बाहेर काढा. तोंडाने फुंकू नका, थुंकीची वाफ सरळ यंत्रणेवर बसते. केस पूर्ण साफ करायची असेल तर यंत्रणा बाहेर काढून रिकामी केस अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या यंत्रात) टाकणं हा योग्य मार्ग, पण त्यासाठी स्टेम, म्हणजे क्राउनला यंत्रणेशी जोडणारी दांडी, काढावा लागतो. स्टेम सोडवताना क्राउन कोणत्या स्थितीत असावा हे प्रत्येक कॅलिबरप्रमाणे, म्हणजे यंत्रणेच्या मॉडेलप्रमाणे, बदलतं. चुकीच्या स्थितीत कळ दाबली तर चावी देण्याच्या यंत्रणेतले भाग जागेवरून सरकतात आणि मग तबकडी काढल्याशिवाय ते बसत नाहीत. त्या कॅलिबरचा तांत्रिक कागद हाताशी नसेल तर स्टेमला हात लावू नका.

नवी रिंग निवडणं

ब्रँडचा मूळ भाग मिळत असेल तर प्रश्नच मिटला. अनेक मोठे ब्रँड मात्र सुटे भाग उघड बाजारात विकत नाहीत, आणि मग मापावर रिंग शोधावी लागते. रिंगेची मापं दोन: आतला व्यास आणि जाडी. ती जुन्या रिंगेवरून घेऊ नका. ती ताणलेली, चपटी झालेली असते. खोबणीची रुंदी आणि खोली मोजा. खोबणीच्या खोलीपेक्षा रिंग साधारण पाव भाग जाड हवी, आणि दबल्यावर बाजूला पसरायला तिला खोबणीत थोडी मोकळी जागा हवी. खोबण रबराने ठासून भरली तर झाकण धातूला धातू टेकेपर्यंत खाली येतच नाही. जाडीत ०.०५ मिलिमीटरचा फरक हाताला कळत नाही, झाकणाला कळतो.

आतला व्यास किंचित लहान घेतला तर रिंग खोबणीत स्वतःहून बसून राहते. जास्त लहान घेतला तर ताणाने ती बारीक होते आणि जाडीचा सगळा हिशेब बिघडतो. शंका असेल तर तीन मापं मागवा. रिंगा स्वस्त असतात.

ग्रीस आणि बंद करणं

ग्रीस सील बनवत नाही. झाकण फिरताना रिंग सरकावी, पीळ बसू नये आणि तिची पृष्ठभागाशी गाठ नीट पडावी एवढंच त्याचं काम. डबीच्या दोन स्पंजांमध्ये रिंग ठेवा, झाकण दाबून थोडं फिरवा, काढा. रिंग ओलसर चमकली पाहिजे. थेंब किंवा पांढुरके लोळ दिसता कामा नयेत. जास्तीचं ग्रीस धूळ धरतं आणि हळूहळू यंत्रणेकडे सरकतं. काचेच्या दाबून बसवलेल्या प्लॅस्टिक गॅस्केटला तर ग्रीस अजिबात लावत नाहीत, कारण तिथे घर्षणच काच धरून ठेवतं. कोणी उत्साहाने लावलेलं दिसलं तर पुसून टाका.

रिंग खोबणीत ठेवताना एका बिंदूपासून दोन्ही बाजूंनी समान दाबत न्या. एका दिशेने ओढत नेली तर शेवटी फुगवटा उरतो आणि तो दाबून बसवला की रिंगेला पीळ पडतो. पीळ डोळ्यांना दिसत नाही, पण भिंगाखाली साच्याची बारीक रेघ वर-खाली होताना दिसते. तसं असेल तर काढून पुन्हा बसवा.

झाकणाच्या आट्यांवर, विशेषतः टायटॅनियमच्या केसमध्ये, ग्रीसचा अगदी पुसट हात द्या. टायटॅनियमचे आटे कोरडे फिरवले तर एकमेकांत जाम होतात आणि पुढच्या वेळी झाकण उघडणं ही शिक्षा होते. यंत्रणेवर शेवटची नजर टाका, धागा किंवा कण फुंकणीने उडवा. झाकण ठेवून आधी डावीकडे फिरवा. आटे सुरुवातीला बसल्याचा हलका खटका जाणवेल. मग उजवीकडे, बोटांनी. बोटांनी होईल तितकं झाल्यावर कडेला भिंगातून पाहा, रबर कुठे बाहेर डोकावतंय का. डोकावत असेल तर उघडा. पान्याने शेवटचा जोर द्यायचा तो धातू धातूला टेकल्याचं हाताला कळेपर्यंत. त्यापुढे जोर लावून सील सुधारत नाही.

क्राउन उघडून नळीचे आटे अल्कोहोलच्या काडीने साफ करा. समुद्राच्या मिठाचे खडे इथेच साठतात आणि रिंगेला कानसतात. नळीवर रिंग दिसत असेल तर तिला ग्रीसचा स्पर्श द्या. क्राउनच्या आतली रिंग बहुतेक महागड्या घड्याळांत धातूच्या चकतीखाली बंद असते, ती सुटी बदलता येत नाही. क्राउनच बदलायचा असतो. बंद करताना पुन्हा तोच नियम: आत दाबून आधी थोडा उलटा फिरवा, खटका लागला की सुलटा. क्राउन वाकडा चढला आणि नळीचे आटे गेले तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

चाचणी

दोन प्रकार आहेत. कोरड्या चाचणीत घड्याळ यंत्राच्या बंद कप्प्यात ठेवून हवेचा दाब देतात आणि काच किती मायक्रॉन वाकली ते मोजतात. केस हवाबंद असेल तर काच वाकलेलीच राहते. गळत असेल तर हवा आत शिरून दाब समान होतो आणि काच परत उठते. त्या उठण्याच्या वेगावरून गळती किती हे कळतं. पाणी कुठेच नसल्याने घड्याळ सुरक्षित राहतं. चांगल्या चाचणीत आधी निर्वात, मग २ बारच्या आसपासचा दाब, मग १० बार असा क्रम असतो. कमी दाबाचा भाग गाळून थेट १० बारचा कागद हातात देणाऱ्याकडून तो भागही करून मागा, कारण वर सांगितल्याप्रमाणे मोठा दाब दुबळ्या रिंगेला झाकून घेतो. जाड केसच्या डायव्ह वॉचचं उलटही असतं: २ बारला ती इतकी कमी वाकते की यंत्राला मोजताच येत नाही, तिला १० बार लागतोच.

ओली चाचणी हातपंपाच्या पारदर्शक नळकांड्यात होते आणि गळती नेमकी कुठे हे तीच दाखवते. घड्याळ पाण्याच्या वर लटकवून दाब वाढवायचा, काही मिनिटं थांबायचं. गळती असेल तर या वेळात हवा केसमध्ये शिरते. मग घड्याळ पाण्यात बुडवायचं आणि दाब हळूहळू सोडायचा. आत कोंडलेली हवा बाहेर पडू लागली की त्याच जागेवरून बुडबुड्यांची माळ निघते. माळ दिसली की दाब सोडणं तिथेच थांबवा आणि घड्याळ पाण्याच्या वर घ्या. आतला दाब अजून बाहेरपेक्षा जास्त असतो, म्हणून पाणी आत जात नाही. सगळा दाब सुटू दिला आणि घड्याळ पाण्यातच राहिलं तर हवेची जागा पाणी घेऊ शकतं. सुरुवातीचे एक-दोन सुटे बुडबुडे खोबणीत अडकलेल्या हवेचे असतात, त्यांना घाबरू नका. पहिल्यांदा करत असाल तर यंत्रणा काढून रिकाम्या केसवर करा.

घरी यंत्र नसेल तर चाचणी कार्यशाळेत करून घ्या. ती काही मिनिटांची असते. ती होईपर्यंत घड्याळ हात धुतानाही काढून ठेवा.

शेवटी दवचाचणी, जिला कुठलंही महाग यंत्र लागत नाही. घड्याळ ४० ते ४५ अंशांच्या गरम पट्टीवर दहा-वीस मिनिटं ठेवा. मग १८ ते २५ अंश तापमानाच्या पाण्याचा एक थेंब काचेवर टाका, एक मिनिट थांबून पुसा. थेंबाच्या जागी आतून धुकं दिसलं तर ओलावा आत आहे. तो झाकण बंद करताना कोंडलेला आहे की गळतीतून आलेला, हे दाबचाचणी सांगते. दाबचाचणी पास आणि दवचाचणी नापास असेल तर कोरड्या हवेत झाकण उघडून पुन्हा बंद करायचं, एवढंच.

पाणी गेलंच तर

काचेवर आतून थेंब दिसले, किंवा धुकं तासाभरात विरलं नाही, तर घड्याळ तांदळात पुरून ठेवू नका. बंद केसमधला ओलावा तांदूळ ओढू शकत नाही, आणि त्या दोन दिवसांत बारीक पोलादी भागांवर गंज धरतो. समुद्राचं पाणी असेल तर दिवसांची नाही, तासांची गोष्ट आहे. क्राउन पूर्ण बाहेर ओढून काटे थांबवा, म्हणजे ओल्या यंत्रणेचे भाग एकमेकांवर घासणार नाहीत (काही कॅलिबरमध्ये काटे थांबत नाहीत, तिथे निदान चावी देऊ नका). घड्याळ काच वर, झाकण खाली असं सपाट ठेवा आणि त्याच दिवशी अशा कारागिराकडे न्या जो झाकण लगेच उघडेल. ‘पुढच्या आठवड्यात बघतो’ म्हणणारा कितीही नामांकित असला तरी दुसरा शोधा. देताना तीन गोष्टी सांगा: पाणी गोडं होतं की खारं, क्राउन उघडा होता का, आणि झाकण शेवटचं कधी उघडलं होतं. यावरून त्याला आधी कोणती रिंग पाहायची ते कळतं.